आकडा कुठल्या मॉडेलचा, तेही लिहा

प्रति,
मा. महासंचालक, सशस्त्र दल वैद्यकीय सेवा;
मा. सदस्य, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण;
मा. पदाधिकारी, राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, महाराष्ट्र;
आणि रासायनिक आपत्तीचे आराखडे मंजूर करणारे सर्व जिल्हाधिकारी



विषारी वायूच्या हल्ल्यात किंवा गळतीत किती जण दगावतील, किती जायबंदी होतील, त्यांतल्या कितींना पहिल्या तासात प्राणवायू लागेल आणि कितींना दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर, हा हिशेब आपल्या हाताखालची माणसे शांततेच्या दिवसांतच मांडून ठेवतात. तो मांडलाच पाहिजे. ॲट्रोपिनची किती इंजेक्शने साठवायची, फील्ड हॉस्पिटल किती खाटांचे उभारायचे, कुठल्या नागरी रुग्णालयाला आधीच सांगून ठेवायचे, हे सगळे त्यावरच ठरते. पण जे आराखडे सर्वांना वाचायला मिळतात, त्यांत बहुधा मृत इतके, जखमी इतके, एवढाच तक्ता असतो. तो आकडा विषबाधेच्या कुठल्या मॉडेलने दिला, ते मॉडेल कोणासाठी बनवले होते आणि दुसरे वापरले असते तर काय निघाले असते, याचा उल्लेख नसतो. तो उल्लेख सक्तीचा करावा, मॉडेले शेजारी शेजारी ठेवून तपासावीत आणि निर्णय एका आकड्यावर न घेता किमान ते कमाल आकड्यांच्या पट्ट्यावर घ्यावेत, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

फरक किती पडतो, हे एका उदाहरणाने मांडतो. एक हजार माणसे उघड्यावर आहेत आणि त्यांच्याभोवतीच्या हवेत अर्धा तास 100 पीपीएम क्लोरीन आहे, असे धरू. अमेरिकी तटरक्षक दलासाठी 1975 मध्ये आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी जे सूत्र दिले, त्यात हे आकडे घातले तर जवळपास हजारच्या हजार दगावतात. विदर्स आणि लीस यांनी 1985 मध्ये सर्वसाधारण लोकसंख्येसाठी मांडलेले सूत्र सुमारे 46 मृत्यू सांगते. नेदरलँड्सच्या जोखीम-मूल्यमापनातल्या 'पर्पल बुक'चे सूत्र सुमारे 32 सांगते. वायू तोच, वेळ तीच, माणसे तीच. पहिल्या आकड्यावर आखणी करणारा अधिकारी शवागाराची व्यवस्था बघेल. दुसऱ्या किंवा तिसऱ्यावर करणारा साडेनऊशे जिवंत, खोकणाऱ्या, डोळे चोळणाऱ्या माणसांसाठी प्राणवायू शोधायला निघेल. वैद्यकीय नियोजनात या दोन कामांइतकी परस्परविरोधी कामे क्वचितच सापडतील.

आता त्याच विदर्स आणि लीस यांचे दुर्बल लोकांसाठीचे सूत्र घ्या. लहान मुले, म्हातारी माणसे, दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांच्यासाठी ते वेगळे दिलेले आहे. त्यात त्याच 100 पीपीएमला, त्याच अर्ध्या तासात, हजारांतले पाचशे दगावतात. म्हणजे 46 की 500, हे वायूवर नाही, तर समोर कोण आहे यावर ठरते.

हे असे का होते, याचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. 22 एप्रिल 1915 रोजी ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी सिलिंडरमधून क्लोरीन सोडला. त्या कामाचे शास्त्रीय नेतृत्व फ्रिट्झ हाबर यांच्याकडे होते. हवेतली तीव्रता गुणिले वेळ, आणि हा गुणाकार सारखा तर परिणामही सारखा, असा साधा नियम त्यांच्या नावाने रूढ झाला. लष्करी विषशास्त्र अनेक दशके त्याच नियमावर चालले. पण बऱ्याच वायूंना तो लागू पडत नाही. थोडा वेळ श्वासात गेलेला तीव्र वायू हा जास्त वेळ गेलेल्या सौम्य वायूपेक्षा कितीतरी घातक ठरू शकतो. 1986 मध्ये टेन बर्गे आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांची आकडेवारी तपासून तीव्रतेला घातांक लावायचे सूत्र मांडले. त्यातून येणाऱ्या राशीला आपल्याकडचे तज्ज्ञही 'टॉक्सिक लोड'च म्हणतात. क्लोरीनसाठी हा घातांक कुणी 2 धरतो, कुणी 2.75. 2 धरला तर तीव्रता दुप्पट झाल्यावर टॉक्सिक लोड चौपट होतो. 2.75 धरला तर साडेसहा पटींहून अधिक.

याचा व्यवहारातला परिणाम फार मोठा आहे, कारण वायूचा ढग कधीच एकसारखा नसतो. तो झुळकांबरोबर येतो, विरतो, पुन्हा येतो. तीच हजार माणसे घ्या. आता समजा, त्यांच्यावरून पाच मिनिटे 600 पीपीएमचा दाट पट्टा गेला आणि उरलेली पंचवीस मिनिटे हवा स्वच्छ राहिली. अर्ध्या तासाची सरासरी पुन्हा 100 पीपीएमच येते. हाबरच्या नियमाने काहीच बदललेले नाही. पण विदर्स-लीसच्या सूत्राने मृत्यू 46 वरून सुमारे 480 वर जातात आणि डच सूत्राने 32 वरून सुमारे 390 वर. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ढगाची सरासरी काढून ती विषबाधेच्या सूत्रात घातली जाते, तिथे हा दहापटीचा फरक कुणाच्याही लक्षात न येता गाडला जातो. कमी-जास्त होणाऱ्या तीव्रतेला हे सूत्र कसे लावायचे, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. अमेरिकी नौदलाच्या डेटन इथल्या प्रयोगशाळेला त्यासाठी हायड्रोजन सायनाइडवर उंदरांचे प्रयोग करावे लागले. आपल्या आराखड्यात तीव्रता सरासरीने घेतली की क्षणाक्षणाची, हे एका ओळीत लिहिणे म्हणूनच गरजेचे आहे.

अंतराचाही प्रश्न आहे. 100 पीपीएमला डच सूत्राने विदर्स-लीसपेक्षा कमी मृत्यू सांगितले. पण लांब, जिथे अर्धा तास 50 पीपीएम आहे, तिथे ते जास्त सांगते. तिथे एक लाख लोक असतील तर विदर्स-लीस सुमारे दीडशे मृत्यू देते, डच सूत्र सुमारे अडीचशे. म्हणजे अमुक मॉडेल 'कडक' आणि तमुक 'सौम्य' असे एकदाच ठरवून मोकळे होता येत नाही. जे मॉडेल कारखान्याच्या फाटकाशी सौम्य वाटते, तेच मुंबई किंवा ठाण्यासारख्या दाट वस्तीत, ढगाच्या कडेला, कडक ठरते. तुलना प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी करावी लागते ती याचमुळे.

अण्वस्त्र-जैविक-रासायनिक आखणीत लष्कराला हे नवे नाही. सरीनची घातक मात्रा किती, याचा अमेरिकी लष्कराचा अंदाज 1990 च्या दशकातल्या फेरतपासणीनंतर निम्म्यावर आला आणि 2005 च्या लष्करी पुस्तिकेत तो बदल दिसला. मधल्या काळात रसायन बदलले नव्हते. जुन्या प्रयोगांची आकडेवारी नव्याने वाचली गेली, एवढेच. जुना आकडा वापरून कुणी आराखडा केला असेल, तर तो त्या दिवसापासून चुकीचा झाला आणि आराखड्यात स्रोत लिहिलेला नसेल, तर तो चुकीचा झाल्याचे कुणाला कळलेही नसेल.

नाटोने 2011 मध्ये बाधितांच्या अंदाजासाठी 'एएमईडीपी-8(सी)' ही मार्गदर्शिका काढली आणि पुढे तिची जागा 'एएमईडीपी-7.5'ने घेतली. नंतरच्या आवृत्तीत क्लोरीन, अमोनियासारखे औद्योगिक वायूही आले. या मार्गदर्शिकांची एक गोष्ट आपण जरूर उचलावी. त्या मृत्यूवर थांबत नाहीत. इजा सौम्य, मध्यम, तीव्र की अतितीव्र, ती कधी दिसू लागेल, बाधित कुठल्या दिवशी दाखल होईल आणि कधी सुटेल, याचा दिवसवार प्रवाह त्या मांडतात. कुठल्या तीव्रतेपासून पुढच्याला जायबंदी मोजायचे, हेही आखणी करणाऱ्याने आधी सांगायचे असते. डोळ्यांची आग आणि आखडलेल्या बाहुल्या असलेला जवान जायबंदी धरायचा की नाही, एवढ्या एका निर्णयावर खाटांची संख्या कितीतरी बदलते. हा निर्णय गणिताचा नाही, सेनाधिकाऱ्याचा आणि डॉक्टरचा आहे. म्हणून तो लिखित असला पाहिजे.

वेळेचा हिशेब मांडला नाही, तर योग्य आकडासुद्धा कुचकामी ठरतो. सायनाइड आणि सरीनचा वायू मिनिटांत परिणाम दाखवतो. मस्टर्डचे फोड काही तासांनी उठतात. फॉस्जीन सगळ्यांत फसवा आहे. बाधित सुरुवातीला चालतो-बोलतो, घरी जातो आणि कित्येक तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू लागते. शंभर बाधित तिन्ही वेळा शंभरच असतात, पण सरीनचे ॲट्रोपिन मागतात, मस्टर्डचे भाजलेल्यांचा वॉर्ड आणि फॉस्जीनचे दुसऱ्या दिवशीचे व्हेंटिलेटर.

टोकियोच्या भुयारी रेल्वेत 20 मार्च 1995 रोजी सरीनचा हल्ला झाला. मृत्यू 13 झाले, चौदावी बाधित महिला अनेक वर्षांनी, 2020 मध्ये गेली. पण मदतीसाठी रुग्णालयांत पोहोचलेल्यांची संख्या पाच हजारांवर गेली. एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी 640 जण आले. बहुतेक स्वतःच्या पायांनी, टॅक्सीने, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्यांनी. खाटा कमी पडल्या तेव्हा रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात माणसे ठेवावी लागली. हवा खेळती नव्हती आणि त्यांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेचा त्रास डॉक्टर-परिचारिकांनाही झाला. मृत्यूंचा अंदाज देणारे कुठलेही सूत्र ही गर्दी सांगत नाही. रुग्णालय मात्र पहिल्या तासात गर्दीनेच कोलमडते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण अमेरिकेतले आहे. दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रॅनिटव्हिल गावात 6 जानेवारी 2005 च्या पहाटे मालगाडीची धडक होऊन एका टँकरमधून सुमारे 60 टन क्लोरीन बाहेर पडला. नऊ जण दगावले. त्यांत जवळच्या कापडगिरणीतले रात्रपाळीचे कामगार होते. साडेपाचशेच्या वर लोकांना श्वासाच्या त्रासासाठी रुग्णालयांत न्यावे लागले, 75 जण दाखल झाले आणि सुमारे 5,400 जणांना गाव सोडावे लागले. एवढ्या क्लोरीनसाठी प्रचलित मॉडेलांनी जे मृत्यू सांगितले असते, त्यापेक्षा हे खूपच कमी होते. लोक बंद घरांत झोपलेले होते, जड वायू सखल भागात साचला, जमिनीवर आणि झाडाझुडपांवर त्यातला काही शोषला गेला, अशी कारणे पुढे आली. महत्त्वाचे म्हणजे तिथल्या यंत्रणेने हा फरक झाकून ठेवला नाही. युटाच्या वाळवंटातल्या डगवे चाचणी मैदानावर 2015 आणि 2016 मध्ये कित्येक टन क्लोरीन मुद्दाम सोडून, मालवाहू कंटेनरांची नकली वस्ती उभारून, ढग प्रत्यक्षात कसा वागतो ते मोजले. अंदाज आणि वास्तव यांतल्या फरकाला त्यांनी संशोधनाचा विषय मानले. आपणही मानावे.

आता आपल्याकडे येतो. 1989 च्या घातक रसायन नियमांनुसार अतिधोकादायक कारखान्यांच्या जिल्ह्यांत ऑफसाइट आराखडा लागतो आणि 1996 च्या नियमांनी राज्य, जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमले. तारापूर, पाताळगंगा, तळोजा, महाड, लोटे इथल्या औद्योगिक वसाहतींसाठी हे कागद जीवनमरणाचे आहेत. पण अशा आराखड्यांत एक चूक वारंवार दिसते. 'अलोहा'सारख्या सॉफ्टवेअरमधून लाल, नारिंगी, पिवळी वर्तुळे काढतात, लाल वर्तुळातली लोकसंख्या मोजतात आणि तोच आकडा मृत्यूंच्या रकान्यात भरतात. ते लाल वर्तुळ बहुधा 'एईजीएल-3' या मर्यादेचे असते. क्लोरीनसाठी अर्ध्या तासाची ही मर्यादा 28 पीपीएम आहे. या पातळीच्या वर अगदी नाजूक प्रकृतीच्या माणसाच्याही जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून लोकांना तिथून हलवा, असे ती सांगते. ती सुरक्षेची रेघ आहे, मुद्दाम सावधपणे आखलेली. लोकांना कधी बाहेर काढायचे, हे तिच्यावरून जरूर ठरवावे. किती मरतील हे तिच्यावरून ठरवले, तर आकडा फुगतो आणि फुगलेला आकडा पाहून जिल्हा रुग्णालयातला माणूस हातच टेकतो: एवढ्यांना आपण वाचवूच शकत नाही, मग तयारी कसली?

उलट चूकही होते. लष्करी मॉडेल तरुण, निरोगी, सत्तर किलोंच्या सैनिकासाठी असते. मास्क, प्रशिक्षण आणि युनिटची शिस्त हेही अनेकदा त्यामागे गृहीत असते. ते जसेच्या तसे चाळीतल्या वस्तीला लावले, तर आकडा आक्रसतो. आणि आपल्या देशात लष्कराला नागरी वस्तीतच उतरावे लागते. 1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये ईएमई सेंटरच्या जवानांनी हजारो लोकांना वायूच्या पट्ट्यातून बाहेर काढले. त्या रात्री रुग्णालयांतले डॉक्टर विचारत होते की हा वायू नेमका कुठला आणि त्याच्यावर द्यायचे काय. पुढे सरकारनेच 5,58,125 लोकांना इजा झाल्याचे नोंदवले. इतक्या जिवंत, आजारी माणसांचा हिशेब कुठल्याही 'मृत्यू' रकान्यात बसत नाही.

मुंबईतलेही एक उदाहरण आठवावे असे आहे. 14 जुलै 2010 रोजी शिवडीला बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गंजक्या सिलिंडरांपैकी एकातून क्लोरीन सुटला. शंभराच्या आसपास लोकांना त्रास झाला, त्यांत विद्यार्थी होते, कामगार होते आणि गळती थांबवायला धावलेले अग्निशामक जवानही होते. हीच प्रत्यक्षातली लोकसंख्या. एकाच ढगाखाली धडधाकट जवान आणि कोवळे विद्यार्थी. त्यांच्यासाठी एक सूत्र चालत नाही, दोन शेजारी शेजारी लागतात.

आपल्याकडून नेहमी येणारे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की सेनाधिकाऱ्याला किंवा जिल्हाधिकाऱ्याला एकच आकडा हवा असतो, पट्टा देऊन निर्णय होत नाही. पण पट्टा दिला म्हणजे निर्णय टळत नाही, कुठला निर्णय पट्ट्याच्या कुठल्या टोकावर घ्यायचा हे स्पष्ट होते. स्वस्त आणि टिकाऊ गोष्टी, म्हणजे प्राणवायूचे मास्क, ॲट्रोपिन, कपडे उतरवून धुण्यासाठी पाण्याची सोय, वरच्या टोकाला धरून साठवा. दुर्मीळ गोष्टी, म्हणजे व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभागाची माणसे, मधल्या आकड्यावर वाटा आणि ती कमी पडली तर कुठून आणायची ते आधीच लिहून ठेवा. ॲट्रोपिनच्या बाबतीत तर आपल्याकडे हाताशी अनुभव आहे. 2017 मध्ये यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करणारे शेतमजूर विषबाधेने दगावले. ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशके सरीन ज्या एन्झाइमवर घाव घालतो त्याच एन्झाइमवर घाव घालतात. विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी असे रुग्ण रात्रंदिवस सांभाळले आहेत. एका रुग्णाला ॲट्रोपिन किती लागते आणि किती दिवस लागते, हे त्यांना विचारून आराखड्यात घाला.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. युद्धरसायनांबाबत काही गोष्टी झाकून ठेवाव्या लागतात, हे मान्य. पण क्लोरीन, अमोनिया, फॉस्जीन यांची सूत्रे कित्येक दशके छापील पुस्तकांत आहेत. आपला आराखडा कुठले सूत्र वापरतो, हे सांगितल्याने शत्रूला काही मिळत नाही. न सांगितल्याने मात्र चूक शोधू शकणारा डॉक्टर, अभियंता आणि प्राध्यापक बाहेर राहतो.

म्हणून माझ्या नेमक्या मागण्या अशा:

1. बाधितांचा अंदाज देणाऱ्या प्रत्येक आराखड्यात मॉडेलचे नाव, त्यातले स्थिरांक, ते कुठल्या लोकसंख्येसाठी आहे आणि तीव्रता सरासरीने घेतली की क्षणाक्षणाची, हे छापले जावे.

2. प्रत्येक प्रसंगासाठी किमान तीन मॉडेले चालवून खालचा, मधला आणि वरचा आकडा द्यावा. निरोगी आणि दुर्बल लोकसंख्या वेगळी दाखवावी.

3. 'एईजीएल'सारख्या सुरक्षा मर्यादांच्या वर्तुळातली लोकसंख्या मृत्यूंच्या किंवा जखमींच्या रकान्यात भरण्यास लेखी मनाई करावी.

4. तक्ता मृत-जखमी असा दोन रकान्यांचा न ठेवता इजेच्या तीव्रतेनुसार आणि पहिला तास, पहिला दिवस, तिसरा दिवस असा वेळेनुसार असावा. स्वतःच्या पायांनी रुग्णालयात येणाऱ्यांचा स्वतंत्र रकाना असावा.

5. प्रत्येक खऱ्या गळतीनंतर, मग ती पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या क्लोरीन सिलिंडरची का असेना, आराखड्यातला अंदाज आणि प्रत्यक्ष रुग्णसंख्या शेजारी शेजारी ठेवून अहवाल प्रसिद्ध करावा.

6. हे काम एका खात्याचे नाही. पुण्यात सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आहे, दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जवळच सुदुंबरे इथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. ग्वाल्हेरला डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. त्यांना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि सरकारी रुग्णालयांसोबत एका टेबलावर बसवून वर्षातून एकदा ही तुलना करून घ्यावी.

यांतल्या एकाही मागणीला मोठा निधी लागत नाही. नवी प्रयोगशाळा लागत नाही. सूत्रे उपलब्ध आहेत, संगणक उपलब्ध आहेत, तज्ज्ञ आपल्याच पगारपत्रकावर आहेत. लागतो तो एक आदेश आणि तो देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

सुरुवात पुढच्या मॉकड्रिलपासून करता येईल. त्या सरावात जेव्हा एखादा अधिकारी फळ्यावर बाधितांचा आकडा लिहील, तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाला 'हा कुठल्या मॉडेलचा?' असे विचारण्याचा हक्क असावा आणि उत्तर मिळेपर्यंत तो आकडा आराखड्यात जाऊ नये. या पत्राला आपले उत्तर यावे, आणि ते सर्वांना वाचता येईल असे यावे, अशी अपेक्षा आहे.

कळावे,

आपला,
एक जागरूक नागरिक